बंद घरातले पाढे

१

आमच्या घरात दिवेलागणीला दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. देवापाशी निरांजन आणि बकुळचे पाढे. निरांजन एखाद्या दिवशी राहून गेलं असेल, पाढे नाही. मी शाळेत गणित शिकवते. माझ्याच मुलीला पाढे येत नाहीत असं कुणी म्हटलेलं मला खपलं नसतं.

खरं सांगायचं तर मुद्दा गणिताचा नव्हता. मी वाईची. लग्न होऊन बनारसला आले तेव्हा इथल्या मराठी घरांतलं मराठी ऐकून मला आधी हसू यायचं आणि नंतर नंतर राग. आमचे हे, नीलकंठ, रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला होते. त्यांच्या चार पिढ्या अमृतराव घाटामागच्या गल्ल्यांत गेलेल्या. ते दाराला दरवाजा म्हणत, किल्लीला चाभी म्हणत, आणि मी काही बोलले की विचारत, "समजलं ना तुला? मग झालं तर." बकुळ नऊ वर्षांची. तिची शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, आणि घरात शिरताच, "आई, मला भूक लागून राहिली आहे." माझं माहेर त्या पोरीच्या तोंडून पुसून चाललं होतं आणि मला ते सहन होत नव्हतं. म्हणून निदान पाढे तरी मराठीत, असा नियम मी केला. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

ती कुठं चुकणार हेही ठरलेलं होतं. तेराच्या पाढ्यात तेर सक अठ्ठ्याहत्तरपर्यंत गाडी नीट यायची. मग ती थांबायची, पायाच्या अंगठ्याशी चाळा करायची आणि म्हणायची, "तेर साते... तेर साते... इक्यानबे."

"एक्याण्णव," मी कणीक मळता मळता म्हणायची. "पहिल्यापासून."

"आई, एकच तर गलती झाली."

"चूक. गलती नाही. पहिल्यापासून."

ती स्वयंपाकघरात, स्टोव्हच्या बाजूच्या भिंतीला पाठ टेकून बसायची, आणि रोज निदान दोनदा तरी तेर एके तेरापासून सुरू करायची.

२

अठ्ठ्याहत्तर साली गंगेला मोठा पूर आला. आमच्या इमारतीचा खालचा मजला पाण्यात गेला. वर आम्ही भाड्यानं राहत होतो, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तिथवर पाणी आलं नाही, ओल मात्र आली. पूर ओसरल्यावर गल्लीतल्या सगळ्याच भिंती शेवाळल्या होत्या, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या भिंतीवर डाग दिसला तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. बकुळ जिथं टेकून बसायची तिथंच तो होता. परातीएवढा, हिरवट, कडेनं तांबूस.

खटकली ती एकच गोष्ट. तो डाग भिंतीवर वाटत नव्हता, भिंतीच्या आत वाटत होता. पळीनं भात काढला की पातेल्यात खळगा राहतो, तसा. मी पुसायला हात पुढं केला तर हात अंदाजाच्या आधीच भिंतीला लागला. भिंत सपाट होती. डोळे मिटून हात फिरवला, सपाट. डोळे उघडले, खोल.

गडद रंग खोल दिसतो, हे फळ्यावर घनाकृती काढताना मी स्वतःच मुलींना सांगते. मी डागासमोर खिळ्याला सूप टांगलं आणि कामाला लागले.

"आई, ते भोक कुठपर्यंत जातं?" बकुळनं विचारलं.

"भोक नाही ते. ओल आहे."

"मग माझा आवाज त्यात का जातो?"

मी तिला म्हटलं की विषय बदलू नकोस, बाराचा पाढा म्हण.

३

मृणालिनी माझी नणंद, यांची थोरली बहीण. विद्यापीठात शिकवायच्या, लग्न केलं नव्हतं, मुन्शी घाटाजवळ एकट्या राहायच्या. मी त्यांना वन्सं म्हणत असे आणि थोडी बिचकूनच असे. माझ्या सासऱ्यांकडे याज्ञिकी होती. मुलगी म्हणून वन्संना घरचे यज्ञ कुणी शिकवले नाहीत, मग त्यांनी हट्टानं परक्यांचे शिकून घेतले. ज्यू लोकांच्या जुन्या यज्ञांचे आणि पुरोहितांचे नियम त्या मूळ हिब्रूतून वाचत, आणि त्यांचा आतला अर्थ काय यावर कितीतरी वर्षं लिहीत होत्या. "बळी म्हटलं की लोकांना सुरी आठवते," त्या म्हणायच्या. "त्यांच्या भाषेतल्या शब्दाचा अर्थ जवळ येणं असा आहे. सगळा खेळ जवळ कोण आणि दूर कोण याचाच. पुरोहिताचं काम तेवढं सांगायचं."

दिवाळीच्या आधी त्या जेवायला आल्या. मी सूप काढून तांदूळ पाखडायला घेतले आणि त्यांना डाग दिसला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"शरदिनी, हे काय आहे?"

"ओल आहे, वन्सं."

"असं नाही म्हणायचं. म्हणायचं, मला काहीतरी रोगासारखं दिसतंय. माणूस कितीही जाणता असला, कितीही खात्री असली, तरी 'आहे' म्हणायचं नाही. 'दिसतंय' म्हणायचं."

मग जेवताना त्यांनी सांगितलं. त्या नियमांत घराला होणाऱ्या रोगाचं एक प्रकरण आहे. हिरवट किंवा तांबूस डाग, भिंतीपेक्षा खोल दिसणारा. घरधन्यानं पुरोहिताला कळवायचं. पुरोहित यायच्या आधी घर पूर्ण रिकामं करायचं. तो येऊन बघतो आणि म्हणतो, अशुद्ध. त्या क्षणी आत जे असेल ते सगळं अशुद्ध होतं. त्याच्या आधी काहीच अशुद्ध नसतं.

"डाग तोच, भिंत तीच," वन्सं म्हणाल्या. "शब्द उच्चारेपर्यंत त्या डागाला कसलीही सत्ता नाही. आणि शब्दाच्या आधी देव म्हणतो, तुमची मडकी बाहेर काढा. तांब्याचं भांडं घासून चालतं, मातीचं फोडावं लागतं. गरिबाच्या एका मडक्यासाठी देव दाराशी थांबून राहतो. मला तर यात सगळी दया दिसते."

"आणि डाग कशासाठी थांबतो, आत्या?" बकुळनं विचारलं.

वन्संनी घास तसाच धरला. "तसं काही लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

४

पुढचं सगळं सोयीनं घडत गेलं. घरमालक वर येऊन भिंत बघून गेला आणि म्हणाला की मिस्त्री आठवड्यानं मिळेल, तोवर इथं राहू नका, भिंत बसली तर माझ्यावर येईल. समोरच्या घरातल्या सीताकाकू मुलीकडे नागपूरला गेल्या होत्या आणि त्यांच्या खोलीची किल्ली आमच्याकडेच होती. गल्ली इतकी अरुंद की त्यांच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या माणसाला वाटी देता यावी. शाळांना दिवाळीची सुट्टी लागली होती. घर रिकामं करायचंच होतं.

वन्संनी ते ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. "करून बघू या. अर्थ वाचून अर्धाच कळतो."

"पुरोहित कुठून आणणार?" मी विचारलं.

"नीलकंठ आहे की. पुरोहिताचा मुलगा."

"यांना धड संध्या येत नाही."

"चालतं. नियमच आहे. पुरोहित अडाणी असला तर जाणत्यानं डाग पारखायचा आणि त्याला सांगायचं, म्हण, अशुद्ध. तो म्हणतो. पण म्हणायला तोच लागतो."

"म्हणजे ऑफिससारखंच," हे म्हणाले. "साहेब सांगणार, मी सही करणार. चल ताई, म्हणून टाकू."

सकाळपासून आम्ही सामान हलवलं. दुपारी चारच्या सुमारास घर मोकळं झालं. वन्सं आत जाऊन डाग बघून आल्या आणि जिन्याच्या चौकात उभ्या राहिल्या. हे उंबऱ्यापाशी होते, पायात चपला तशाच.

"घर रिकामं झालं?" वन्संनी मला विचारलं.

"झालं," मी म्हटलं. बकुळ समोर सीताकाकूंच्या खोलीत आहे असं माझ्या डोक्यात होतं. मीच तिला उशा घेऊन पाठवलं होतं.

"म्हण, अशुद्ध."

"अशुद्ध," हे म्हणाले, आणि कुलपाकडे हात नेला.

तेवढ्यात आतून पावलं वाजली आणि बकुळ बाहेर आली. हातात सागरगोटे होते. "हे फळीखाली राहून गेले होते," ती म्हणाली. आणि आमच्या तोंडांकडे बघून, "काय झालं? मी तर इथंच होते."

वन्संचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्या हसल्या. म्हणाल्या की काही नाही, आत सापडलेल्यानं अंघोळ करायची, कपडे धुवायचे, संध्याकाळी सगळं ठीक. मी पोरीला डोक्यावरून अंघोळ घातली. कार्तिकातलं पाणी, ती कुडकुडत होती.

घर बंद झालं. नियमानं सात दिवस.

५

पहिल्याच संध्याकाळी सीताकाकूंच्या खोलीत बकुळ पाढे म्हणायला बसली आणि दोनाचा पाढा संपायच्या आत थांबली.

"आई, मला नको म्हणायला लावू. दोघी साथ म्हणतो तर गडबड होते."

"दोघी कोण?"

तिनं खिडकीकडे बोट केलं. "आपल्या घरातली."

मी खिडकीशी गेले. समोर आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बंद होती. घाटाकडून आरतीची घंटा येत होती, खाली एक सायकल गेली. त्या सगळ्याच्या खालून, एका लयीत, पाढे चालू होते.

शेजारचं मूल असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण मराठी पाढे म्हणणारं दुसरं मूल आमच्या गल्लीत नव्हतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्यावरून मी किती आयांना बोल लावले होते. मग वाटलं, माझेच कान वाजत असतील. शाळेत तेच, घरात तेच. गिरणीत काम करणाऱ्याला रात्री गिरणी ऐकू येते म्हणतात.

तेराचा पाढा आला तेव्हा मी नकळत गज धरले. तेर पंचे पासष्ट. तेर सक अठ्ठ्याहत्तर. तेर साते एक्याण्णव. तेर आठे एकशे चार.

अडखळणं नाही, थांबणं नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं.

"ती गलती नाही करत, आई," बकुळ माझ्या मागून म्हणाली.

हे कारखान्यातून यायचे तोवर आवाज थांबलेला असायचा. मी सांगितलं तर म्हणाले, "पूर आल्यापासून सगळ्यांच्या भिंती पोकळ झाल्या आहेत. कुठला आवाज कुठे निघतो. तू जेव आधी."

६

बकुळ बदलत चालली होती. त्या अंघोळीनं तिला सर्दी झाली होती, तिचे हात गार पडायचे, जेवण नकोसं झालं होतं. ती माझा पदर सोडत नव्हती आणि घाबरली की तिच्या तोंडून नुसती हिंदी यायची. पाढे विचारले तर म्हणायची, विसरले. रात्री माझ्या कुशीत शिरून, "आई, मला पकडून ठेव." आजारी मूल असंच वागतं हे मला कळत होतं. तरी तिचा गार हात मानेला लागला की माझं अंग आक्रसायचं.

एका दुपारी ती झोपली होती. मी किल्ली घेतली, गल्ली ओलांडली आणि आमच्या जिन्यावर जाऊन उभी राहिले. कुलूप तसंच होतं. ते काढायचं नाही हे माझं ठरलं होतं. मी नुसता दाराला कान लावला.

"आई, तू आलीस का?"

आवाज दाराच्या अगदी जवळून आला.

"माझे पाढे पाठ झाले. पुढचे कुठले म्हणू?"

माझी आई वाईच्या घाटावरून पाणी घेऊन आली की मी जशी बोलायची, तसं ते बोलणं होतं. एकही शब्द बाहेरचा नव्हता. नऊ वर्षं मी ज्यासाठी घसा कोरडा केला होता ते दारापलीकडे उभं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"तू कोण आहेस?" मी विचारलं.

"असं काय गं करतेस, आई? मी बकुळ. मला इथं एकटीला करमत नाही."

"मग समोरच्या खोलीत कोण झोपलंय?"

आवाज दाराला आणखी चिकटला. मग अगदी हळू, "तिला तेर साते येत नाही ना?"

मी तशीच खाली उतरले आणि गल्ली ओलांडली. सीताकाकूंच्या खोलीत बकुळ जागी होऊन खिडकीशी बसली होती.

"तू तिच्याकडे का गेली?" तिनं विचारलं.

मी तिच्याकडे बघत राहिले. यांनी 'अशुद्ध' म्हटलं तेव्हा माझी मुलगी आत होती. आत जे असेल ते अशुद्ध, असं वन्संनीच सांगितलं होतं, म्हणजे ते त्या घराचंच झालं. मग नंतर सागरगोटे घेऊन बाहेर आलं ते कोण होतं? शाळेत गणित सोडवावं तशी एकेक पायरी मी मांडली आणि उत्तर आलं. ते खोटं ठरावं म्हणून मी पुन्हा मांडलं. पुन्हा तेच आलं.

मला तिची भीती वाटायला लागली. पोटच्या पोरीची, किंवा जी कुणी ती होती तिची.

७

शेवटच्या दिवशी सकाळीच वन्सं आल्या. हातात मातीचं बोळकं होतं आणि चौकात पक्षी विकणाऱ्या बहेलियाकडून आणलेली एक मुनिया, पिंजऱ्यात. घर शुद्ध करायचा विधी होता. त्याला दोन पक्षी लागतात. एक वाहतं पाणी भरलेल्या मातीच्या भांड्यावर कापायचा, दुसरा त्या रक्तात बुडवून मोकळ्यावर सोडून द्यायचा.

"एकच आणलात," मी म्हटलं.

"दुसरा तू करणार. कणकेचा. आमच्या पणजोबांनी सोमयाग केला तेव्हा पशू पिठाचाच होता. आपल्याकडे चालतं."

मी कणीक मळली, पक्षी केला, डोळ्यांना दोन मिरीदाणे लावले. मोदकात सारण भरावं तसं वन्संच्या सांगण्यावरून त्याच्या पोटात कुंकू भरलं.

"त्यांच्या नियमात दोन्ही पक्षी सारखे हवेत," वन्सं पिंजऱ्याकडे बघत म्हणाल्या. "रंगानं, उंचीनं, किमतीनं. एका वेळी धरलेले. कुठला कापायचा आणि कुठला सोडायचा हे बघून ठरवता येऊ नये, इतके सारखे. माझ्या मते मर्म तिथंच आहे."

"मग हे कणकेचं कसं चालेल?"

"आपण काय, पक्षी मारणार आहोत का?" त्या थोड्या चिडून म्हणाल्या.

मी हात धुतले आणि जे विचारायचं होतं ते विचारलं. "वन्सं, अशुद्ध म्हणताना आत कुणी राहून गेलं असेल तर?"

"शुद्ध म्हणेपर्यंत ते घराचं."

"आणि म्हटल्यावर?"

"त्या वेळी आत असेल ते आपलं. बाहेर सोडलं ते सुटलं. सोडलेलं पुन्हा घरात घेत नाहीत."

"असं लिहिलंय?"

"नाही. मला असा अर्थ लागतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू एवढं का विचारतेस? त्या दिवशी बकुळ राहिली होती म्हणून? अगं, अंघोळ झाली तिची."

बकुळ दारात उभी राहून ऐकत होती.

८

दुपार कलत आली होती. जिन्याच्या चौकात बोळकं ठेवलं, त्यात गंगेचं पाणी. यांनी कुलूप काढलं. वन्सं आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "डाग गेला. खूणसुद्धा नाही."

यांच्या हातात सुरी दिली. कणकेचा पक्षी चिरला तसं कुंकू पाण्यात उतरलं आणि बोळकं लाल झालं. वन्संनी मुनियेला त्यात बुडवलं. ती जोरात फडफडली, आमच्या अंगावर शिंतोडे उडाले, आणि जिन्यावरच्या झरोक्यातून ती बाहेर गेली.

मी उंबऱ्याच्या बाहेर उभी होते. बकुळचा हात माझ्या हातात होता, गार, कणकेच्या गोळ्यासारखा.

"आई," आतून आवाज आला. "मी इथं आहे. मला ने."

यांना ऐकू आला असावा, कारण त्यांनी मान वळवली. वन्सं बोळकं उचलत होत्या.

"मला नाही जायचं अंदर," बकुळ म्हणाली. तिनं दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं. "आई, नको ना. मी म्हणते पाढे. मी सगळे म्हणते."

"नीलकंठ, म्हण," वन्सं म्हणाल्या.

माझ्याकडे एवढाच वेळ होता. तिचा चेहरा मी बघितला. नाक वाहत होतं, ओठ सुकले होते. मला वाटलं, हिला काहीही करून आत ओढावं, आणि मग वाटलं, घरात राहणार एकच, आणि ही माझी नसताना हिला आत नेलं तर माझी कायमची गेली. आतून पुन्हा आवाज आला, "आई, ये ना गं." माझ्या आईच्या घरातला तो 'गं'.

मी मनगट सोडवून घेतलं आणि आत गेले.

स्वयंपाकघरात खिडकी बंद असल्यामुळे अंधारलेलं होतं. ती भिंतीला पाठ टेकून उभी होती, डाग होता तिथं. बकुळचाच परकर, बकुळच्याच वेण्या. माझ्याकडे यायला ती पुढं झाली तेव्हा तिची पाठ भिंतीपासून सुटली आणि सैल कणकेतून बोट काढताना होतो तसा आवाज झाला. मी तो ऐकला. तोवर बाहेरून यांचा शब्द आला होता.

"शुद्ध."

तिनं माझा हात धरला. तिचा हात उबदार होता.

आम्ही दोघी दाराशी आलो. उंबऱ्याबाहेर वन्सं होत्या, हे होते. आणखी कुणी नव्हतं. जिन्याच्या पायरीवर सागरगोटे सांडले होते.

"बकुळ आत होती?" यांनी विचारलं. "आत्ता तर ती इथं..." मग त्यांनी कपाळ चोळलं. "उजेडातून बघतोय, डोळे दिपले."

वन्संनी तिच्याकडे बघितलं, पायरीवरच्या सागरगोट्यांकडे बघितलं, आणि बोळकं जिन्यावर आपटून फोडलं. मातीचं होतं, ते फोडावंच लागतं.

९

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, भिंत ठोकून बघितली आणि म्हणाला की हिला काहीही झालेलं नाही. आम्ही सामान परत आणलं.

बकुळ आता छान आहे. जेवते वेळेवर, हट्ट करत नाही. बोलते तर अशी की दिवाळीनंतर माझा भाऊ वाईहून आला होता तो चकित झाला. म्हणाला, बनारसला वाढली असं सांगून खरं वाटणार नाही. हे मात्र तिच्याशी जरा जपून बोलतात. एकदा मला म्हणाले, "हिला जरा गल्लीत खेळायला पाठव ना. पूर्वीसारखी गलत्या करू दे." मी हसून विषय बदलला. वन्संनी ते लिखाण पुरं केलं नाही. त्या आल्या तर बाहेरच्या खोलीतच बसतात आणि अंधार पडायच्या आत उठतात.

दिवेलागणीला मी निरांजन लावते. ती भिंतीला टेकून बसते आणि एका दमात सगळे पाढे म्हणते. मी कणीक मळते. सुरुवातीला मला ते ऐकत राहावंसं वाटायचं. मग लक्षात आलं की ते रोज अगदी तेवढ्याच वेळात संपतात, आणि तेर साते म्हणताना तिच्या पायाचा अंगठा हलत नाही.

माघात एका संध्याकाळी तिचे पाढे संपले, घर शांत झालं, आणि जिन्यातून आवाज आला. सर्दीनं बसलेला, थकलेला. तेर चोक बावन्न. तेर पंचे पासष्ट. तेर सक अठ्ठ्याहत्तर. मग तो थांबला. मी परातीत हात तसेच ठेवून उभी राहिले. सगळं अंग कान झालं होतं.

"तेर साते... तेर साते... इक्यानबे."

मी दाराकडे धावले. ती माझ्या आधी तिथं उभी होती. तिनं माझा पिठाचा हात आपल्या उबदार हातात घेतला.

"आई, दार उघडू नकोस," ती म्हणाली. "बाहेर कुणीही नाही."

तिला ढकलून मी कडी काढली. जिना रिकामा होता. झरोक्यात मुनिया बसली होती, छातीवर लाल डाग. मी आत आले, दार लावलं, आणि आवाज पुन्हा सुरू झाला.

तेव्हापासून तो रोज येतो. कधी जिन्यातून, कधी सीताकाकूंच्या बंद खोलीतून. उघडून बघितलं की कुणी नसतं. मी दाराला तोंड लावून सांगून बघितलं आहे, बरोबर आहे गं बाळ, इक्यानबेच बरोबर आहे, ये. ती ऐकत नाही. थोडा वेळ थांबते, नाक ओढते आणि तेर एके तेरापासून पुन्हा सुरू करते. चुकलं की पहिल्यापासून म्हणायचं, असं मीच तिला शिकवलं आहे.